पाच तारांचाच आण

"पाच तारांचाच आण. चारवाला आणणार असशील तर येऊ नकोस. रविवार, सकाळी दहा."

एवढाच निरोप होता. भाचीने फोन माझ्यापुढे धरला आणि मी तो तीनदा वाचला. जो माणूस कारण न देता आज्ञा करतो त्याच्याजवळ कारण असते; फक्त ते सांगण्याजोगे नसते.

भाची ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. नोकरी या गावात, म्हणून राहते माझ्या मागच्या खोलीत. एका चष्म्याच्या कारखान्यात ती भिंगे घासते आणि घासलेली तपासते. आठ महिने एका संगीतवर्गात, वर्गाच्याच बास गिटारवर ती शिकली. पुढे वर्ग बंद पडला, बास वर्गाबरोबर गेला आणि बोटांवरचे घट्टे तेवढे तिच्याकडे राहिले. अशात तिला कळले की नदीकाठच्या हॉटेलात दर शनिवारी वाजवणाऱ्या वाद्यवृंदाला बासवादक हवा आहे. तिघे येऊन परत गेले होते. चौथी ही.

"मामा, हे मिळालं नाही तर मी पुन्हा खोलीत एकटीच," ती म्हणाली. "आणि बास एकट्याने वाजवायची वस्तूच नाही रे. एकट्याने वाजवला की शेजारी कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटतं."

"ते मला ठाऊक आहे. शेजारी मीच असतो. पण पाचच का?"

"विचारलं मी. मास्तर म्हणाले, आण म्हटलं की आणायचं."

मास्तर म्हणजे त्या वाद्यवृंदाचा प्रमुख, कीबोर्ड वाजवणारा. माझे स्वतःचे काम जुन्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहण्याचे. एकाच ग्रंथाच्या आठ-नऊ नकला समोर मांडायच्या आणि कोणता नकलाकार कोणत्या ओळीत खोटे बोलला ते ठरवायचे. पस्तीस वर्षांत मला एकही निखळ प्रामाणिक नकलाकार भेटलेला नाही. जे पोटासाठी लिहीत ते आळसाने खोटे बोलत. जे भक्तीने लिहीत ते भक्तीने. तेव्हा भाचीच्या पहिल्या बासचा प्रश्न समोर आल्यावर मी दोन संध्याकाळी त्या विषयावर जे काही लिहिले गेले आहे ते वाचून काढले. जगात या बाबतीत दोन पंथ आहेत. चारपंथी म्हणतात, नवशिक्याला चार तारा पुरे, पाचवी हा निव्वळ बडेजाव. पंचपंथी म्हणतात, चारवर शिकलेला जन्मभर अर्धवट. दोघेही हे ज्या आवेशाने लिहितात त्या आवेशाने पूर्वी माणसे एकमेकांचे मठ जाळीत. पुरावा कोणीच देत नाही.

बुधवारी कामावरून परतल्यावर आम्ही निघालो. गाडीत मी तिला बजावले, "दुकानदाराला काही सांगायचं नाही. कुठला वाद्यवृंद, कधी, कशासाठी, अवाक्षर नाही. गरजवंताला अक्कल नसते, हे दुकानदारांचं मूलसूत्र आहे."

"पण त्याला काही कळलंच नाही, तर तो सांगणार काय?"

"तो जे सांगेल त्यावरून तो काय लपवतोय ते आपल्याला कळेल."

भाचीने खिडकीबाहेर पाहिले. तिची आई माझ्याशी बोलताना अशीच खिडकी शोधते.

दुकान अरुंद आणि लांब होते. भिंतींवर दोन्ही बाजूंनी गिटारी टांगलेल्या, टोकाला एक काउंटर, काउंटरवर उघडून ठेवलेला कुठल्यातरी यंत्राचा आतला भाग आणि त्यावर वाकलेला दुकानदार. पन्नाशी उलटलेला, चष्मा कपाळावर, डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटे खाली.

"कुणासाठी?" त्याने मान वर न करता विचारले.

"भाचीसाठी."

"कशासाठी?"

"वाजवण्यासाठी."

"बरं झालं सांगितलंत. काही लोक लोणी काढायला नेतात." त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे दुर्लक्ष करून भाचीला म्हटले, "पहिलाच का? हात बघू."

तिने पंजा पुढे केला. त्याने तो उलटासुलटा पाहिला. "चार," तो म्हणाला. "डोळे मिटून चार. बारीक मानेचा."

"पाच तारांचा दाखवा," मी म्हणालो.

"दाखवतो. दाखवायला माझं काय जातंय."

पाच तारांचा नवा, काळा, चकचकीत बास त्याने खाली उतरवला. भाची स्टुलावर बसली. मान इतकी रुंद होती की तिचा अंगठा मागे सरकवताना मनगट दुमडले आणि करंगळी तारेपासून बोटभर दूर राहिली. शिवाय आठ महिन्यांच्या सवयीने तिचा हात सर्वांत जाड तारेकडे गेला, तर तिथे ओळखीची तार नव्हतीच; तिच्याहून जाड अशी दुसरीच येऊन बसली होती. भाचीने जो सूर म्हणून छेडला त्याऐवजी भलताच, खूप खालचा सूर घुमला. दुसऱ्यांदा तेच. तिचे कान लाल झाले.

"होतं असं," दुकानदार म्हणाला. "आपल्या घराच्या जिन्याला कुणीतरी एक पायरी वाढवून ठेवल्यासारखं वाटतं. होईल सवय. पण या पंजाला ही मान कायमची जड जाणार. थांब." तो आत गेला आणि एक जुना, तपकिरी, कडा झिजलेला चार तारांचा बास घेऊन आला. "हा बघ."

तो तिच्या मांडीवर ठेवताच ती निराळी दिसू लागली. चार बोटे मानेवरच्या चार आडव्या पडद्यांवर पसरली आणि तिने वर्गात शिकलेली एक लांबलचक चाल न अडखळता वाजवली.

"किंमत?" मी विचारले. त्याने सांगितली. नव्याच्या निम्म्याहूनही कमी होती.

इथे माझ्या डोक्यात थंडपणे दिवा लागला. माणसाने अग्नी शोधला, लिपी शोधली. पण महाग वस्तू हातात धरून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला स्वस्त वस्तू सुचवणारा व्यापारी अद्याप कुठल्या साधनग्रंथात नोंदवला गेलेला नाही. आमच्या शास्त्रात एक नियम आहे: दोन पाठांपैकी एक सोपा आणि एक कठीण असेल, तर कठीण तो मूळ धरावा; कारण नकलाकार कठिणाचे सोपे करतो, सोप्याचे कठीण कोणी करीत नाही. मास्तरचा पाठ कठीण, दुकानदाराचा सोपा. निर्णय उघड होता.

"आम्ही पाच तारांचा घेऊ," मी म्हणालो.

"मामा, माझा हात पुरत नाहीये."

"पुरेल."

"तुझा आहे का?"

मी उत्तर देणार होतो, तेवढ्यात काउंटरमागच्या भिंतीवरचे छायाचित्र मला दिसले. मंचावर चौघे: ड्रमवाला, मधोमध एक गायिका, डावीकडे कीबोर्डमागे जो चेहरा होता तो हॉटेलाच्या दारातल्या फलकावर मी स्वतः पाहिलेला, मास्तरचा. आणि उजवीकडे, खांदे सरळ असलेला, वीसेक किलोंनी हलका, तपकिरी बास गळ्यात अडकवलेला दुकानदार.

तर असे होते. हा त्या वाद्यवृंदाचा जुना बासवादक. त्याला काढले असणार. आता त्याच्या जागेवर जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला हा गोड बोलून चार तारा गळ्यात घालतो आणि तिकडे मास्तर त्यांना दारातून परत पाठवतो. तिघे परत गेलेच होते. मी खिशातले भिंग काढले. ते माझ्याजवळ नेहमी असते. तो तपकिरी बास तिच्या मांडीवरून उचलून मी त्याच्या मानेच्या टोकाशी भिंग धरले. तिथे हाडाचा एक आडवा तुकडा असतो. त्याच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. त्या खाचा तारांपेक्षा रुंद होत्या. चारही तारा त्यांत सैल पडल्या होत्या.

"या खाचा मूळच्या नाहीत," मी म्हणालो.

"नाहीत," दुकानदार म्हणाला.

"नंतर कुणीतरी कोरल्या आहेत."

"मी कोरल्या."

"म्हणजे बिघडवलेलं वाद्य तुम्ही एका नवख्या मुलीच्या माथी मारताय. आणि का मारताय तेही सांगतो. त्या फोटोतली तुमची जागा." मी आवाज चढवला नाही, मी तो कधीच चढवत नाही.

दुकानदार माझ्याकडे पाहतच राहिला. मग भाचीला म्हणाला, "हे घरीही असेच असतात का?"

"घरी जास्त," भाची म्हणाली. तिने माझ्या हातातून भिंग घेतले आणि खाचांवर वाकली. तिला ते धरण्याची माझ्यापेक्षा चांगली सवय आहे. ती दिवसभर तेच करते. चारही खाचा पाहून झाल्यावर म्हणाली, "मामा, हे बिघडवलेलं नाही. कानस एकाच दिशेने चालवलीये, तळ गोल ठेवलाय, शेवटचा हात तर अगदी बारीक घासकागदाचा आहे. हे ज्याने केलं त्याने फार जपून केलंय. जाड तारेसाठी." तिने वर पाहिले. "काका, यावर आधी कुठल्या तारा होत्या?"

दुकानदाराने स्टूल ओढून घेतले. "आधी तू सांग, तुला वाजवायचंय कुठे?"

भाचीने माझ्याकडे पाहिले आणि माझ्या देखत सगळे सांगितले. वाद्यवृंद, मास्तर, निरोप, रविवार.

"अरे देवा!" दुकानदार म्हणाला, आणि मग मला उद्देशून, "अहो साहेब, डॉक्टरकडे जायचं, दुखतं कुठे ते सांगायचं नाही, आणि वर औषध चुकलं म्हणून भांडायचं? मला वाटलं पोरगी हौसेने शिकतेय. हौसेला चार पुरतात. तिथे नाही पुरत."

"का नाही?" मी विचारले.

"ते तिथे कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. पण बाहेर जाता कामा नये. गायिका म्हणजे मास्तरांची बायको, आमच्या वहिनी. त्यांची पट्टी पांढरी चार. साध्या बासवर सगळ्यात खालचा सूर पांढरी तीन. म्हणजे वहिनींचा खालचा सा पहिल्याच पडद्यावर, हाताशी. पण वहिनींचा आवाज उतरायला लागला. वय झालं की उतरतो. मी होतो तोवर पांढरी दोनवर आल्या होत्या. म्हणजे त्यांचा सा आता बासच्या शेवटाच्याही खाली. आहे तो वरचा, खालचा नाहीच. आणि मास्तरांच्या सगळ्या गाण्यांची इमारत त्या खालच्या सावर."

"मग?"

"मग मी पाच तारांचा संच आणला, त्यातली सगळ्यात बारीक तार फेकून दिली, उरलेल्या चार जाड तारा याच बासवर चढवल्या. त्या बसाव्यात म्हणून खाचा रुंद केल्या. तारा चारच, मान बारीकच, पण तळ पाचाचा. खांदा गेला म्हणून वाजवणं सोडलं, साहेब. कुणी काढलं नाही मला. विकायचा म्हणून यावर पुन्हा साध्या तारा लावून ठेवल्या, इतकंच."

"मास्तरला हे माहीत असताना तो पाच का मागतो?" मी हट्टाने विचारले.

"त्यांनी माझ्या तारा कधी मोजल्या? सूर मिळत होता. मी गेल्यावर तिघे आले, तिघांना तो सूर सापडला नाही. कुणीतरी सांगितलं, पाच तारा लागतात. झाला कायदा. कारण सांगायचं तर आवाज उतरला म्हणावं लागतं, आणि ते वहिनींना माहीत नाही." त्याने कपाळ चोळले. "किंवा माहीत नाही असं आम्ही सगळ्यांनी धरलंय. मास्तर त्यांच्यासमोर अजून पांढरी चारच म्हणतात आणि कीबोर्डवर एक बटण दाबून ठेवतात; बोटं जुन्याच जागी, सूर खाली. तर पोरी, ते चार म्हणतील. तू चार वाजवायचं नाहीस. ऐकायचं आणि ऐकू येईल ते वाजवायचं. बहुतेक दोन असेल. बोलायचं काहीच नाही." मग त्याने हनुवटीने माझ्याकडे निर्देश केला. "यांना रविवारी घरी ठेवता येईल का?"

"गाडी मामाच चालवतो."

"मग अवघड आहे," तो म्हणाला आणि जाड तारांचे पाकीट शोधायला उठला.

चार दिवस मागच्या खोलीतून कपाट सरकवल्याचे आवाज आले. हात सवयीने जुन्या जागी जाई, चुके, ती स्वतःला एक शिवी देई आणि पुन्हा सुरू करी. शनिवारी रात्री शिव्या थांबल्या. मी मात्र दुकानदाराची कथा उलटसुलट करून पाहत होतो. एकाच साक्षीदाराची साक्ष होती, आणि तो साक्षीदार विक्रेता होता.

रविवारी दहाला आम्ही हॉटेलाच्या वरच्या मजल्यावरच्या तालमीच्या खोलीत पोहोचलो. खुर्च्या रचून भिंतीशी लावलेल्या, खालून भांडी घासल्याचा आवाज. मास्तर उंच, वाळका, शर्टाची बटणे गळ्यापर्यंत. बासबरोबर दुकानातूनच आणलेले ध्वनिवर्धकाचे जड खोके मी खाली ठेवले. भाचीने बास बाहेर काढताच त्याने बोट उगारून खुंट्या मोजल्या.

"एक, दोन, तीन, चार. मोजता येतं ना तुला?"

"येतं, सर."

"मग मी काय लिहिलं होतं?"

"एकदा ऐका. मग नको म्हणा."

"वाजवू दे ना हो," आतून आलेली बाई म्हणाली. साठीची, ठेंगणी, गळ्यात साखळीला लोंबणारा चष्मा. "एवढं ओझं घेऊन आलीये. पोहायला आलेल्याला काठावरूनच हाकलाल का?"

मास्तरने त्या तपकिरी लाकडाकडे आणखी क्षणभर पाहिले. ते त्याने ओळखले की नाही, मला ठरवता आले नाही. "मामा ना तुम्ही? तिथे बसा," तो म्हणाला. ती खुर्ची त्याच्या पाठीमागे होती, तिथून कीबोर्डवरचा आकडे दाखवणारा छोटा पडदा सरळ दिसत होता. ड्रमवाल्याने काठ्या उचलल्या.

"पांढरी चार," मास्तर मोठ्याने म्हणाला.

पडद्यावर उणे चार होते.

मी मनात चार पायऱ्या उतरलो: पांढरी तीन, काळी दोन, पांढरी दोन, काळी एक. म्हणजे मास्तर सांगत होता ते खोटे, आणि दुकानदाराने सांगितले होते तेही आता शिळे. आयुष्यात प्रथमच माझा संशय एखाद्या यंत्राने आकडा लावून सिद्ध करून दिला होता. मी तोंड उघडले. भाचीची पहिली बैठक फसू नये, एवढे कारण माझ्याजवळ होते. खोटा पाठ मी कधी चालू दिलेला नाही, हे दुसरे, आणि खरे सांगायचे तर हेच मोठे. तिने माझ्याकडे पाहिले. भिंगातला दोष शोधताना ती जशी पाहते तसे. मी तोंड मिटले.

गाण्याची पहिली ओळ भाचीने वाजवलीच नाही. मास्तरने मान वळवली, ड्रमवाल्याने भुवया चढवल्या. आधीचे तिघे बहुधा इथेच गडगडले असावेत. तिचे बोट जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी होते, दुकानदाराने सांगितलेल्या जागी. तिथे तिने तार इतकी हलकी छेडली की ती तिच्या एकटीलाच ऐकू आली असेल. मान किंचित हलवली. बोट एक घर मागे घेतले. पुन्हा हलकेच. दुसरी ओळ सुरू होताना तिने तो सूर पुरा वाजवला.

बाई गाता गाता तिच्याकडे वळल्या. आवाज मुळीच फुटका नव्हता. रुंद होता, सावकाश होता, आणि आता त्याच्या खाली काहीतरी होते. मास्तरने डोळे मिटून घेतले. पुढची तीन गाणी त्याने पट्टी सांगितलीच नाही, आणि तिने विचारली नाही.

चौथे गाणे संपल्यावर बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि एकाएकी मला विचारले, "तुम्ही जाणकार दिसता. मघापासून कान देऊन ऐकताय. खरं सांगा, चारात अजून लागतो ना माझा आवाज?"

मास्तरची बोटे पट्ट्यांवर तशीच राहिली. भाची तार पुसू लागली. ड्रमवाला खिडकीबाहेर बघत होता. माझ्यासमोर मूळ प्रत उघडी होती, तिच्यावर प्रकाशमान आकडा होता, आणि वाचून दाखवण्याची विनंती प्रत्यक्ष ग्रंथाकडूनच आली होती.

"लागतो," मी म्हणालो. "स्वच्छ लागतो."

"चारात?"

"चारात."

बाई माझ्याकडे हव्याहून थोडा जास्त वेळ पाहत राहिल्या. नकलाकार सापडल्यावर मी ज्या नजरेने पाहतो, ती नजर मला ओळखता येते.

"ठीक आहे," मास्तर घसा साफ करून भाचीला म्हणाला. "तारांचं नंतर बघू. मंगळवारपासून ये. वेळ हिला विचार." आणि तो वायरी गुंडाळायला पलीकडे गेला.

मी खोके उचलत होतो, म्हणून पुढचे मला ऐकू आले. बाईंनी भाचीच्या दंडाला धरून तिला जरा बाजूला घेतले. "सहाला ये," त्या हळूच म्हणाल्या. "हे साडेसहाशिवाय येत नाहीत. अर्धा तास आपण दोघीच बसू. बटणाशिवाय."

जिना उतरताना भाची दोन पायऱ्या पुढे होती. बास पाठीवर, आणि ती शीळ घालत होती. गाडीपाशी ती थांबली.

"मामा, तुला काही बोलायचंय का?"

बोलण्यासारखे पुष्कळ होते. कोण कोणाला फसवत आहे, किती वर्षे, आणि फसणारा खरोखर फसतो आहे की नाही. यावर मी तिथेच उभ्या उभ्या एक टिपण सांगू शकलो असतो.

"नाही," मी म्हणालो, आणि तिच्यासाठी मागचे दार उघडून धरले.